जामीनदार आणा, मग पुस्तक न्या

ग्रंथालयवाल्यांच्या कोणत्याही मेळाव्याला जा, एक रड हमखास ऐकू येते. वाचक कमी झाले. मुले मोबाईलमध्ये अडकली. वाचनसंस्कृती लयाला चालली. मग एखादे साहित्यिक व्यासपीठावरून हळहळ व्यक्त करतात, शाल-श्रीफळ होते आणि माणसे जेवायला जातात. आपण दारातून किती वाचक परत पाठवले, याचा हिशेब मात्र त्या मेळाव्यात कुणी मांडत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की वाचक हरवलेले नाहीत. त्यातल्या पुष्कळांना आत येऊच दिलेले नाही, आणि हे काम कुणा दुष्ट माणसाने केलेले नसून भिंतीवर टांगलेल्या नियमांच्या फलकाने केले आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातले वाचनालय शासनमान्य आहे, अनुदानित आहे, जुने आहे. त्याच्या फलकावर लिहिले आहे : सभासद होण्यासाठी अनामत रक्कम भरावी. विद्यमान सभासदाची शिफारस व जामीन जोडावा. कायमच्या पत्त्याचा पुरावा द्यावा. पुस्तक वाचकाने स्वतः कपाटातून घेऊ नये, यादी पाहून क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. संदर्भग्रंथ घरी मिळणार नाहीत. उशीर झाल्यास दररोज दंड पडेल. कार्यकारिणीचा निर्णय अंतिम राहील.

वाचताना सगळे साधे आणि सर्वांना सारखे वाटते. जातीचा उल्लेख कुठेही नाही. आता हाच फलक आमच्या वस्तीतून चालत आलेल्या मुलीच्या डोळ्यांनी वाचून पाहू.

विद्यमान सभासद कोण आहेत? पेठेतले व्यापारी, निवृत्त हेडमास्तर, वकील, डॉक्टर, दोन-तीन सरकारी अधिकारी. यांच्या घरी वस्तीतल्या माणसाची ये-जा आहे, पण ती मागच्या दाराने, कामासाठी. बारावीला बसलेल्या एका मुलीला पोलीस भरतीची आणि सामान्यज्ञानाची पुस्तके हवी होती. तिची आई ज्या घरी धुणीभांडी करते ते घर वाचनालयाचे सभासद. म्हणजे जामीन मागायचा तर आईने मालकिणीकडे मागायचा. आईने मागितलाही. ‘बघू, साहेबांना विचारते,’ असे उत्तर आले आणि पुढे दोन महिने काही झाले नाही. पुन्हा विचारायची आईची हिंमत होईना, कारण हातचे काम गेले तर काय? मी त्या मुलीला म्हटले, आपण दुसरा कुणी शोधू. ती म्हणाली, ‘दादा, एका पुस्तकासाठी आईला किती जणांपुढे हात पसरायला लावायचं?’

ती सभासद झाली नाही. वाचनालयाच्या दप्तरात तिला नाकारल्याची नोंद नाही, कारण तिने अर्ज केलाच नाही. उद्या कुणी तपासणीला आला तर त्याला सांगता येईल की आम्ही आजवर एकही अर्ज जातीवरून फेटाळलेला नाही. आणि ते खरेच असेल!

जामीन म्हणजे काय, हे जरा नीट समजून घेऊ. तुमच्या शब्दाला किंमत नाही, ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस आणा, असा त्याचा अर्थ. गावगाड्यात आपल्या बापजाद्यांना हेच सांगितले गेले होते. तिथे पाटील आणि सावकार होते, इथे विद्यमान सभासद आहे. पुस्तक दीड-दोनशे रुपयांचे, आणि त्यासाठी एका नागरिकाने दुसऱ्या नागरिकाच्या भल्या मर्जीवर उभे राहायचे. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे बाबासाहेबांनी आपल्याला दिले ते फक्त मतदान केंद्रापुरते दिले होते का?

अनामतीचे समर्थन करताना म्हणतात की ती परत मिळते. मिळते ना. पण परत मिळण्यासाठी आधी ती हातात असावी लागते. रोजंदारीवरच्या घरात पाचशे रुपये बाजूला पडून राहत नाहीत, ते आठवडी बाजारात जातात. आणि कायमचा पत्ता? दिवाळीच्या आसपास बैलगाडीत संसार भरून साखर कारखान्याच्या रानात जाणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलाचा कायमचा पत्ता कोणता? वसतिगृहातल्या पोरांचा? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि घरमालक करारच करून देत नाही अशा कुटुंबाचा? वरून टेबलामागचा माणूस नाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आडनावावरून कळले नाही तर ‘कोणत्या गावचे? कोणत्या आळीतले?’ असे विचारतो. हा प्रश्न फलकावर नाही. तो फलकाच्या जोरावर विचारला जातो.

पण माझ्या मते या सगळ्यांत घातक नियम कुलपाचा आहे. काचेचे कपाट, आत पुस्तके, बाहेर वाचक आणि मध्ये चिठ्ठी. ज्याच्या घरी चार पिढ्या पुस्तके आहेत त्याला चिठ्ठीवर काय लिहायचे हे ठाऊक असते. लेखक ठाऊक, नाव ठाऊक, प्रकाशक ठाऊक. जो आपल्या घरातला पहिला वाचणारा आहे त्याला नावेच माहीत नसतात. त्याला पुस्तक हातात घ्यावे लागते, चाळावे लागते, मागची बाजू वाचावी लागते, नाही पटले तर परत ठेवून शेजारचे काढावे लागते. चिठ्ठीची पद्धत त्याला सांगते की आधी तुला माहीत असेल तरच तुला माहिती मिळेल. तो दोन-तीनदा येतो, यादीचे रजिस्टर उलटेपालटे करतो, आणि येणे बंद करतो. मग मेळाव्यात म्हणायचे, हे लोक वाचत नाहीत.

हे लोक वाचत नाहीत असे म्हणणाऱ्याने सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर यावे, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जावे. रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने आलेली माणसे पुस्तकांच्या स्टॉलसमोर वाकलेली दिसतात. नऊवारीतली आजी नातवाला पुढे करते, ‘बघ रं, कोणतं पायजे.’ पोरगं चार पुस्तके उचलते, तीन ठेवते, एक घेते. एखादा जेवण टाळून खंड विकत घेतो. तिथे कपाटाला कुलूप नाही. जामीनदार नाही. विक्रेता आडनाव विचारत नाही. वाचनसंस्कृती लयाला गेली म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातला हा पुस्तकबाजार दिसत नाही, याचे मला आता आश्चर्यही वाटत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे ज्यांना जनक म्हणतात ते एस. आर. रंगनाथन काही आपल्या चळवळीतले नव्हते. पण १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असतात असा आहे. तो समजावताना ते मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथालयांची आठवण देतात, जिथे पुस्तके साखळीने मेजाला बांधलेली असत. त्यांनी वाचकाला फडताळापर्यंत जाऊ देण्याचा, म्हणजे मुक्तद्वार पद्धतीचा, आग्रह धरला. हे पाच नियम आपल्याकडच्या प्रत्येक ग्रंथपालाने परीक्षेसाठी पाठ केलेले असतात. पाठ करून तो नोकरीला लागतो आणि त्याच्या हातात पहिल्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा दिला जातो.

बाबासाहेबांचे चरित्र आपण सगळे जाणतो, तरी या दृष्टीने ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. परळच्या चाळीत एका खोलीत अख्खे कुटुंब. विद्यार्थी भीमराव पहाटेच्या आधी दोनला उठून अभ्यास करायचे. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर या मुलावर पडली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही त्यांनीच मोकळा केला. याच मुलाला शाळेत संस्कृत शिकायला मिळाले नाही, फारसी घ्यावे लागले, हे विसरू नका. शाळेचा दरवाजा अर्धवट उघडा, चाळीत जागा नाही, तेव्हा उरली ती बाग. त्या बागेतल्या बाकावर बसायला जामीनदार लागत नव्हता, म्हणून पुढचे घडू शकले.

सयाजीरावांचे नाव निघालेच आहे तर सांगतो. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि संस्थानभर मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ उभी केली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. म्हणजे वाचकाने दारात येऊन पत्ता सिद्ध करायच्या ऐवजी पुस्तकच वाचकाच्या पत्त्यावर जायचे. शंभर वर्षांपूर्वी!

पुढे बाबासाहेबांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथालय आणि लंडनला ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय अक्षरशः पिंजून काढले. परत येऊन १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही होते. चवदार तळ्याच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पाण्याच्या आधी पुस्तकाचा विचार केला असे मी म्हणणार नाही, तो हिशेब चुकीचा होईल. पण पाण्याइतकाच तो सार्वजनिक हक्काचा विषय होता, एवढे निश्चित.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये, मद्रास प्रांताने ग्रंथालय कायदा केला आणि त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कराची तरतूद केली. महाराष्ट्राने तो कर घेतला नाही. आपल्याकडे बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये खासगी नोंदणीकृत संस्था चालवतात, आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देते. पैसा जनतेचा, कारभार कार्यकारिणीचा. कार्यकारिणी सभासदांतून निवडली जाते, सभासद जुन्या सभासदांच्या शिफारशीने होतात. हे चक्र लक्षात आले का? जामीनदाराची अट फक्त पुस्तकापासून नव्हे, तर निर्णय घेणाऱ्या टेबलापासूनही आपल्याला लांब ठेवते.

राज्यघटनेचे कलम १५(२) सांगते की पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागांच्या वापराबाबत कुणावरही केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणाने कोणतीही अट वा निर्बंध लादता येणार नाही. आमच्या कार्यकारिणीला हे दाखवले तर ते हसून म्हणतात, आम्ही कुठे जात पाहतो? बरोबर आहे. नियमात जात लिहिलेली नसते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी जो मतदान कर आणि ज्या साक्षरतेच्या परीक्षा होत्या, त्यांतही रंग लिहिलेला नव्हता. कोण गळणार हे मात्र सगळ्यांना माहीत होते.

तिथल्याच एका ग्रंथालयाची गोष्ट आपल्या तरुणांना माहीत असायला हवी. व्हर्जिनिया राज्यातले अलेक्झांड्रिया शहर. सार्वजनिक ग्रंथालय, लोकांच्या करातून चालणारे, प्रवेश फक्त गोऱ्यांना. सॅम्युअल विल्बर्ट टकर नावाच्या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच तरुण तिथे पाठवले. नीटनेटके कपडे घातलेले. एकेकाने जाऊन सभासद कार्ड मागितले, नकार मिळाला, त्याने फडताळावरचे एक पुस्तक उचलले आणि वेगळ्या मेजावर जाऊन शांतपणे वाचत बसला. मग दुसरा, मग तिसरा. पोलीस आले. शांततेचा भंग केल्याचा आरोप ठेवला गेला. वाचत बसणाऱ्यांनी कोणती शांतता भंग केली, हे आजवर कुणी सांगू शकलेले नाही! पुढच्या वर्षी शहराने कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळे, लहान ग्रंथालय काढून दिले. टकर यांनी तिथले कार्ड घ्यायला नकार दिला. वेगळा पाणवठा बांधून देतो, तळ्यावर येऊ नका, हा प्रस्ताव आपल्याकडेही येत असे.

नियम बदलले तर ग्रंथालय बुडेल, ही भीती खरी आहे का तेही पाहू. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंड पूर्ण रद्द केला. कारण त्यांच्याच आकड्यांतून दिसले की दंड थकल्यामुळे कार्ड बंद पडलेले वाचक गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत कितीतरी जास्त आहेत. दंड गेल्यावर काय झाले? वर्षानुवर्षे घरात दडून राहिलेली पुस्तके परत येऊ लागली. लोक पुस्तकाला घाबरत नव्हते, दंडाच्या आकड्याला आणि टेबलावरच्या अपमानाला घाबरत होते. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये हेच केले. इतके लांब जायचे नसेल तर महाबळेश्वरजवळचे भिलार घ्या. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. लोकांच्या घरांत, ओसरीवर फडताळे आहेत, कुणीही जावे, काढावे, बसून वाचावे. भिलारला जमते ते तालुक्याच्या वाचनालयाला का जमू नये?

इथे ग्रंथपालाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आपण चटकन त्या टेबलामागच्या माणसालाच शत्रू ठरवतो. आमच्या वाचनालयातला माणूस स्वतः बहुजन समाजातला आहे. पगार इतका की बोलायची सोय नाही, तोही अनुदान आले की मिळतो. पडताळणीत पुस्तक कमी भरले तर जाब त्याला विचारला जातो. तो मला म्हणाला, ‘तुमचं पटतंय हो, पण हरवलेलं पुस्तक माझ्या पगारातून भरून घेतलं तर मी काय खाऊ?’ ज्याला पुस्तक हरवण्याची शिक्षा आहे आणि पुस्तक वाचले न जाण्याची कोणतीच शिक्षा नाही, तो कुलूपच लावणार. तेव्हा मागणी अशी हवी की दरवर्षी काही पुस्तके हरवणार, फाटणार, हे गृहीत धरून ती निर्लेखित करण्याचा अधिकार ग्रंथपालाला असावा आणि त्याचा भुर्दंड त्याच्यावर पडू नये. वाचकसेवा सुधारा म्हणून नुसते त्याला हसतमुख राहायला सांगण्यात अर्थ नाही.

आम्ही नऊ जण अर्ज घेऊन कार्यकारिणीपुढे गेलो. विद्यार्थ्याला शाळा-कॉलेजचे बोनाफाईड पुरेसे समजा, इतरांना आधार आणि मोबाईल नंबर. अनामत हप्त्याने घ्या किंवा पहिल्या वर्षी एकच पुस्तक द्या आणि अनामत सोडा. आठवड्यातून तीन दिवस तरी रात्री नऊपर्यंत उघडे ठेवा, कारण मजुरी करणारा माणूस साडेपाचला येऊ शकत नाही. आणि बाबासाहेबांच्या खंडांचा एक संच संदर्भासाठी, एक घरी नेण्यासाठी. या शेवटच्या मागणीवर बराच वाद झाला. खंड दुर्मीळ आहेत म्हणून कुलपात आहेत, असे त्यांचे म्हणणे. दुर्मीळ आहेत हे खरेच. शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ते काढायला सुरुवात केली, आणि छपाई इतकी रेंगाळली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण १४ एप्रिलला तेच खंड हार घालून टेबलावर मांडता, फोटो काढता आणि १५ एप्रिलला पुन्हा कपाटात, हे कसे? एक सभासद म्हणाले, ‘हाताळून खराब होतील.’ मी म्हटले, व्हावेत. खराब झालेला खंड म्हणजे वाचलेला खंड.

बोनाफाईडची मागणी त्यांनी एक वर्षासाठी मान्य केली. वेळेचा विषय पुढच्या सभेवर गेला. खंड कुलपातच आहेत.

आणि आता जे लिहितो ते आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. आमच्या वस्तीतल्या विहारातही एक ग्रंथालय आहे. दानातून आलेली सुमारे तीनशे पुस्तके, लोखंडी कपाट, वर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष नोकरीला दुसऱ्या गावी. कपाट उघडायचे ते पौर्णिमेला आणि जयंतीला, तेही पाहुणे आले तर. पोरे पुस्तक मागायला गेली की उत्तर ठरलेले, ‘आधी कमिटीला विचारा.’ महिला मंडळातल्या बायांना तर कपाटात काय आहे हेच माहीत नव्हते. पेठेतल्या वाचनालयाला जे प्रश्न विचारायचे ते इथे विचारले तर घरचे भांडण होते, म्हणून आपण गप्प बसतो. कपाटातल्या पुस्तकाला फुले वाहणे आपल्याला सोपे जाते. राजगृह बांधताना बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी घर बांधले होते, ग्रंथांचे देऊळ नव्हे.

गेल्या पावसाळ्यात बरीच वादावादी होऊन कपाटाचे कुलूप काढले. दारे सताड उघडी, शेजारी दोऱ्याने बांधलेली एक वही आणि पेन. पुस्तक न्या, नाव लिहा, आणले की खोडा. अनामत नाही, दंड नाही. संध्याकाळी ती बारावीची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी तिथे बसतात, त्याच वहीची देखभाल करतात. वहीत आता बायांचीही नावे दिसतात, काहींचे अंगठे आणि पुढे मुलीने लिहिलेले पुस्तकाचे नाव, कारण घरी वाचून दाखवणारे कुणीतरी असते.

काही पुस्तके परत आलेली नाहीत. कमिटीतल्या ज्येष्ठांनी त्यांची यादी काढली आहे आणि कुलूप पुन्हा लावायचा विषय येत्या रविवारच्या बैठकीत घेतला आहे. यादीतले एक पुस्तक शेजारच्या वाडीत तीन घरे फिरून चौथ्या घरात आहे, असा निरोप काल आला. ते घेऊन यायला कुणाला पाठवू नका, असे मी बैठकीत म्हणणार आहे.